सुगंधी तेलांचें सूक्ष्मपायस आणि जनावरांचें आंबोण

बालाघाटच्या पठारावरील वाशी तालुक्यांत पावसाचा भरंवसा थोडा. खरिपांत सोयाबीन, तूर, उडीद आणि रब्बींत ज्वारी पिकविणाऱ्या येथील कुटुंबांस बारमास हातीं येणारा पैसा बहुधा गोठ्यांतूनच येतो. वाशी, भूम व परंडा हा टापू खव्यासाठीं नांवाजलेला आहे. आणि आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नांवावरून जिला 'उस्मानाबादी' म्हणतात, ती शेळी महाराष्ट्राबाहेरही प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणीं जनावरांच्या आंबोणांत काय घालावें व काय घालूं नये, हा प्रश्न घरखर्चाचाच प्रश्न होय.

अलीकडे वनस्पतींच्या सुगंधी तेलांपासून केलेलीं व 'नॅनो' हें नांव धारण करणारीं द्रव्यें पशुखाद्यांत घालण्यासाठीं पुढें येत आहेत. तीं कशीं करितात, त्यांत खरें बळ कोणतें व धोका कोणता, हें आमच्या वाचकांस समजावें या हेतूनें आजचा पाठ लिहिला आहे. पाठाचें सार आरंभींच सांगून ठेवितों. तेलाचा थेंब लहान केल्यानें त्यांत नवा गुण उत्पन्न होत नाहीं. असलेलाच गुण अधिक ठिकाणीं पोंचतो. गुणाबरोबर दोषही पोंचतो. म्हणून तेल जितकें बारीक, तितकें त्याचें माप काटेकोर पाहिजे.

हा विषय कां निघाला

गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत कोंबड्या, डुकरें व वासरें लवकर वाढावीं म्हणून त्यांच्या खाद्यांत जंतुनाशक औषधें, म्हणजे अँटिबायोटिक, थोड्या मात्रेनें रोज घालण्याची चाल जगभर पडली. पुढें असें दिसून आलें कीं, थोड्या थोड्या औषधाची संवय झालेले जंतु त्या औषधास जुमानीनासे होतात, आणि मग तेंच औषध आजारी माणसासही उपयोगी पडत नाहीं. स्वीडन देशानें १९८६ सालीं वाढीसाठीं अशीं औषधें घालण्यास मनाई केली. सर्व युरोपीय संघांत ती मनाई १ जानेवारी २००६ पासून अमलांत आली. आपल्याकडे भारत सरकारनें २०१९ सालीं कोलिस्टिन हें औषध खाद्यासाठीं पाळलेल्या जनावरांस व कोंबड्यांस देण्यावर बंदी घातली.

खव्याच्या मुलखास या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. म्हशीच्या सुमारें चार व गाईच्या सुमारें पांच लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो. दुधांतील पाणी उडून जातें. परंतु दुधांत उतरलेलें औषध सर्वस्वीं उडत नाहीं, कारण यांतील कित्येक औषधें उकळीनेंही नाश पावत नाहींत. औषध दिलेल्या गाईच्या दुधाचें विरजण कित्येकदां लागत नाहीं, हा अनुभव पुष्कळ घरांतून आहे. विरजणाच्या उपयुक्त जंतूंस तें औषध मारितें हेंच त्याचें कारण. अर्थात् जंतूंवर दाब ठेवील, परंतु औषधाचा अंश मागें ठेवणार नाहीं, अशा पदार्थाचा शोध सुरू झाला, आणि शोधकांची दृष्टि आपल्या स्वयंपाकघरांतील मसाल्याच्या डब्याकडे वळली.

सुगंधी तेल म्हणजे काय

तीळ, करडई व जवस यांचें तेल घाण्यांतून निघतें. तें कागदावर पडल्यास डाग कायम राहतो. ओवा, लवंग, दालचिनी, गवती चहा यांचें तेल वाफेनें काढितात. त्याचा डाग कांहीं वेळानें उडून जातो. पहिलीं तीं स्थिर तेलें, दुसरीं तीं उडणारीं अथवा सुगंधी तेलें. वनस्पति हीं तेलें आपणांस वास यावा म्हणून करीत नाहींत. कीड, बुरशी व जंतु यांपासून बचाव करण्याचें तें त्यांचें साधन असतें. ओव्याच्या तेलांत थायमॉल, लवंगेच्या तेलांत युजेनॉल, दालचिनीच्या तेलांत सिनॅमाल्डिहाइड व गवती चहाच्या तेलांत सिट्रल हें मुख्य सत्त्व असतें.

हा माल आपणांस नवीन नाहीं. खानदेशांत रोशा गवतापासून भट्ट्या लावून तेल काढीत, आणि तें मुंबई बंदरांतून परदेशीं जात असे. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानचा ओवा जर्मनींत जाई व तेथें त्याचें थायमॉल काढलें जाई. जनावराचें पोट फुगलें असतां ओवा, सुंठ व हिंग देण्याची रीत तर प्रत्येक गोठ्यांत आहे. पशुवैद्य पोटफुगीवर टर्पेंटाइन देत, परंतु तें नुसतें कधींही देत नसत. जवसाच्या अथवा गोड्या तेलांत मिसळूनच देत. उडणारें तेल निव्वळ पाजल्यास तोंड, घसा व आंतडें पोळतें, ही जाण त्या रीतींत होती. आजच्या प्रयोगशाळांनीं जो प्रश्न हातीं घेतला आहे तो हाच: तीव्र तेल पोटांत सर्वत्र सारखें, सौम्य व बेताचें कसें पोंचवावें?

पायस व सूक्ष्मपायस

तेल पाण्यांत विरघळत नाहीं. बादलीभर पाण्यांत चमचाभर तेल टाकलें तर तें वर तरंगतें. पहिली गाय तें सगळें पिते आणि पांचवीच्या वांट्यास नुसतें पाणी येतें. परंतु तेलाचे अगदीं बारीक थेंब करून ते पाण्यांत पसरून ठेवितां आले, तर प्रत्येक घोटांत सारखें तेल जाईल. अशा मिश्रणास शास्त्रांत 'पायस' म्हणजे इमल्शन म्हणतात. त्याचें सर्वांत उत्तम उदाहरण आपल्या गोठ्यांत रोज दिसतें, तें म्हणजे दूध. दुधांत स्निग्धांशाचे असंख्य गोल कण पाण्यांत तरंगत असतात व प्रत्येकाभोंवतीं पातळ आवरण असतें. ताक घुसळतांना तीं आवरणें फुटतात, कण एकमेकांस चिकटतात आणि लोणी वर येतें.

आतां मोजमाप पाहूं. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. गाईच्या दुधांतील स्निग्ध कण सरासरी तीन ते चार हजार नॅनोमीटर जाडीचा असतो. ज्या पायसांतील थेंब साधारणतः दोनशें नॅनोमीटरहून लहान असतात, त्यास नॅनोइमल्शन म्हणजे सूक्ष्मपायस म्हणतात. दुधाचे कण प्रकाश अडवितात म्हणून दूध पांढरें दिसतें. सूक्ष्मपायसाचे थेंब शंभर नॅनोमीटरच्याही खालीं गेले तर मिश्रण निळसर झांक असलेल्या स्वच्छ पाण्यासारखें दिसूं लागतें.

थेंब लहान केल्यानें काय साधतें, हें हिशेबानेंच कळतें. एक मिलिलिटर तेलाचे दहा हजार नॅनोमीटर जाडीचे थेंब केले, तर त्या सर्वांचा पृष्ठभाग सुमारें ०.६ चौरस मीटर भरतो. त्याच तेलाचे शंभर नॅनोमीटर जाडीचे थेंब केले, तर एका थेंबाचे दहा लक्ष थेंब होतात व पृष्ठभाग ६० चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून अधिक होतो. तेल तेवढेंच, परंतु जंतूंस तें भिडण्याची जागा शंभरपट वाढली. सूक्ष्मपायसाचें सारें सामर्थ्य या एका गणितांत आहे.

करण्याची रीत

सूक्ष्मपायसास चार वस्तु लागतात: सुगंधी तेल, थोडें स्थिर तेल, पायसकारक व पाणी. पायसकारक म्हणजे ज्याचें एक अंग तेलास व दुसरें पाण्यास धरून राहतें असा पदार्थ. प्रयोगशाळेंत बहुधा पॉलिसॉर्बेट ८० वापरितात. सोयाबीनच्या तेलापासून निघणारें लेसिथिन व दुधांतील केसीनही या कामीं येतात. स्थिर तेल घालण्याचें कारण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सुगंधी तेल पाण्यांत किंचित् विरघळतें. त्यामुळें लहान थेंब झिजत जातात व त्यांचें तेल मोठ्या थेंबांत जाऊन बसतें, आणि थोड्या दिवसांत सर्व मिश्रण जाडसर होऊन फाटतें. पाण्यांत मुळींच न विरघळणारें करडईसारखें तेल सोबत असलें म्हणजे ही झीज पुष्कळ अंशीं थांबते.

प्रथम तेलें व पायसकारक एकत्र करून पाण्याबरोबर ढवळितात. त्यानें साधें, पांढरें पायस होतें. नंतर थेंब फोडण्याच्या दोन मुख्य रीति आहेत. एकींत मिश्रण फार मोठ्या दाबानें अरुंद फटींतून लोटितात. दूधसंघांतून दूध एकजीव करण्याचें यंत्र असतें तें याच जातीचें, मात्र येथें दाब त्याच्या कित्येक पट लागतो. दुसऱ्या रीतींत कानास ऐकूं न येणाऱ्या, सेकंदास वीस हजार कंपनांच्या ध्वनीचा दांडा मिश्रणांत बुडवितात. दोन्ही रीतींत मिश्रण तापतें. तेल उडून जाऊं नये म्हणून भांडें बर्फांत ठेवावें लागतें. तामिळनाडूंत वेल्लोर येथील संशोधकांनीं तुळशीच्या जातींतील एका झुडुपाच्या तेलाचें असें पायस ध्वनिकंपनानें केलें. त्याचे थेंब सुमारें २९ नॅनोमीटरचे भरले, असें त्यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत एक भाग तेलास तीन भाग पायसकारक लागला होता. हा आंकडा वाचकांनीं विसरूं नये. कारण जनावराच्या पोटांत तेलाबरोबर हा पायसकारकही जातो, आणि त्याची किंमतही गिऱ्हाइकासच द्यावी लागते.

तयार झालेल्या पायसाची परीक्षा डोळ्यांनीं होत नाहीं. थेंबांची जाडी लेसरच्या प्रकाशानें मोजितात, आणि नमुने थंड, मध्यम व उष्ण जागीं कित्येक आठवडे ठेवून फाटतात कीं काय तें पाहतात. आपल्याकडे उन्हाळ्यांत पत्र्याच्या खोलींतील उष्णता पाहतां ही शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची मानली पाहिजे. शिवाय गोळीखाद्याच्या कारखान्यांत खाद्य ७० ते ९० अंशांपर्यंत तापतें. तेथें ओलें पायस टिकत नाहीं. म्हणून त्यांत डिंक अथवा माल्टोडेक्स्ट्रिन घालून उष्ण हवेंत फवारून त्याची कोरडी भुकटी करितात.

पोटांत गेल्यावर

कोंबडीची गोष्ट सोपी आहे. पाण्यांतून अथवा खाद्यांतून गेलेलें पायस तिच्या आंतड्यांत लवकर पोंचतें, व तेथें उपद्रवी जंतूंवर दाब ठेवितें. म्हणून या विद्येचा पहिला उपयोग कुक्कुटपालनांत होत आहे.

गाय, म्हैस व शेळी यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या कोटीपोटांत कोट्यवधि जंतु राबत असतात. कडबा पचवून देणारे तेच. त्यांस मारून टाकलें तर जनावर भरल्या गव्हाणीसमोर उपाशी राहील. सुगंधी तेलानें जें करावयाचें तें इतकेंच कीं, पेंडींतील प्रथिनें फुकट अमोनियांत घालविणारे व मिथेन वायु उत्पन्न करण्यास साह्य करणारे जे जंतु, त्यांस जरा आवरावें. खाल्लेल्या अन्नाच्या शक्तीपैकीं शेंकडा २ ते १२ भाग मिथेनच्या रूपानें ढेंकरांतून वायां जातो. तो थोडा वांचला तरी लाभच.

हा लाभ प्रत्यक्ष किती? धन्याचें तेल, युजेनॉल व जिरॅनिल ॲसिटेट यांच्या एका स्विस मिश्रणावर झालेल्या अनेक प्रयोगांचें एकत्र परीक्षण २०२० सालीं प्रसिद्ध झालें. हें मिश्रण सूक्ष्मपायस नव्हे, परंतु तेलें त्याच जातीचीं आहेत. दर गाईस रोज १ ग्रॅम याप्रमाणें चार आठवड्यांहून अधिक काळ दिल्यावर दूध शेंकडा साडेतीन ते चार वाढलें व मिथेन शेंकडा सुमारें नऊ घटला. चार आठवड्यांच्या आंत मात्र निश्चित फळ दिसलें नाहीं, कारण पोटांतील जंतूंस नव्या पदार्थाशीं जुळवून घेण्यास वेळ लागतो. आपल्या बंगळूर येथील राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनें टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' नांवाचें खाद्यपूरक केलें आहे. त्याचें साधन निराळें, परंतु मिथेन कमी करण्याचा हेतु तोच.

मापाचें गणित

आठ लिटर दूध देणाऱ्या गाईस शेंकडा साडेतीन वाढ म्हणजे पाव लिटरहून किंचित् अधिक दूध. तेव्हां ज्या औषधाचा रोजचा खर्च पाव लिटर दुधाच्या किमतीहून जास्त, तें औषध कितीही सूक्ष्म असलें तरी गोठ्याच्या दारांतूनच परत पाठवावें.

दुसरा हिशेब बाटलीवरील लेबलाचा. पायसांत तेल शेंकडा ५ असेल तर २० मिलिलिटरमध्यें सुमारें १ ग्रॅम तेल मिळतें. शेंकडा १ असेल तर त्यासाठीं १०० मिलिलिटर पाजावें लागेल. म्हणून ज्या बाटलीवर तेलाचें नांव व शेंकडेवारी लिहिलेली नाहीं, तिची मात्रा ठरवितांच येत नाहीं. केवळ 'नॅनो' हा शब्द हें कांहीं माप नव्हे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें अशा शेतीविषयक व खाद्यविषयक पदार्थांच्या परीक्षेसाठीं २०२० सालीं मार्गदर्शक सूचना काढिल्या आहेत. त्यांस अनुसरून कोणती परीक्षा झाली, हें विक्रेत्यास विचारण्याचा गिऱ्हाइकास पूर्ण अधिकार आहे.

तिसरा हिशेब शेळीचा. चारशें किलो वजनाच्या गाईची मात्रा तीस-पस्तीस किलोच्या शेळीस लागू करितां येत नाहीं. वजनाच्या मानानें ती बाराव्या हिश्श्याच्या आसपास येते. अंगावर पिणाऱ्या करडांचें कोटीपोट तयार झालेलें नसतें, त्यांस हें मुळींच देऊं नये. मात्रा अधिक झाली तर जनावर आंबोण हुंगून सोडतें, रवंथ मंदावतो, कडबा नीट पचत नाहीं व दूध वाढण्याऐवजीं घटतें. येथें सूक्ष्मपणा उलटा बाधतो, कारण एरवीं तरंगून वायां गेलें असतें तें जादा तेलही अंगीं लागतें.

खव्याची कसोटी

सुगंधी तेलांचा वास दुधाच्या स्निग्धांशांत उतरतो. कांद्याची पात खाल्लेल्या म्हशीचें दूध ओळखूं येतें, हें सर्वांस ठाऊक आहे. कढईंत बराचसा वास वाफेबरोबर निघून जातो; पण स्निग्धांशांत मुरलेला थोडा वास खव्यांत राहूं शकतो, आणि पेढेवाल्याच्या नाकास तो लपत नाहीं. एका घराच्या दुधानें साऱ्या भट्टीचा घाणा नापसंत झाला, तर नुकसान एकट्याचें राहत नाहीं. म्हणून असें कोणतेंही द्रव्य धार काढल्यानंतरच आंबोणांतून द्यावें, म्हणजे पुढील धारेपर्यंत वास पुष्कळ उतरतो. आणि आरंभीं अशा गाईचें दूध निराळें ठेवून त्याचा लहानसा घाणा आटवून, चव पाहून मगच तें इतर दुधांत मिसळावें.

शेतकऱ्यानें काय करावें

१. घरीं मिक्सरमध्यें अथवा भांडीं घासण्याच्या साबणानें पायस करूं नये. त्यानें थेंब सूक्ष्म होत नाहींत व साबण पोटांत जातो.

२. निव्वळ सुगंधी तेल जनावरास कधींही पाजूं नये. नाळीनें पाजतांना ठसका लागून तें फुफ्फुसांत गेल्यास जनावर हातचें जातें.

३. आजारी जनावरास हा उपाय नव्हे. कासदाह, घटसर्प, फऱ्या यांत पशुवैद्यास बोलवावें. लस वेळेवर टोंचावी.

४. प्रथम आंबोणच सुधारावें. स्वच्छ पाणी, खनिज मिश्रण, कुट्टी केलेला कडबा व बुरशी न लागलेली पेंड यांनीं जो फरक पडतो, तो कोणत्याही बाटलीनें पडत नाहीं.

५. प्रयोग करणें तर तो मिळून करावा. एका गाईचें दूध हवा, चारा व वेत यांमुळेंच शेंकडा चारहून अधिक खालींवर होतें. एकदोन गाईंवरून कांहींच सिद्ध होत नाहीं. आठदहा शेजाऱ्यांनीं सारख्या वेताच्या वीस गाई औषधाच्या व वीस बिनऔषधाच्या धरून, आधीं दोन आठवडे व नंतर आठ आठवडे दूध, स्निग्धांश व खर्च वहींत लिहावा. औषध कोणास द्यावयाचें तें चिठ्ठ्या टाकून ठरवावें, म्हणजे चांगल्या गाईच औषधाकडे जाणार नाहींत. आरंभापूर्वीं तुळजापूरच्या कृषि विज्ञान केंद्राचा अथवा परभणी व उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांचा सल्ला घ्यावा.

शेवटीं एक गोष्ट पिकाच्या बाजूनें. ओव्याच्या शंभर किलो बियांपासून दोन ते चार किलो तेल निघतें. रोज १ ग्रॅमचा हिशेब धरला तर एवढें तेल दहा गाईंस दोनशें ते चारशें दिवस पुरेल. आणि ऊर्ध्वपातनानंतर उरलेला चोथा वाळवून जनावरांस घालितां येतो, कारण त्यांत प्रथिनें व स्निग्धांश दोन्ही शिल्लक राहतात. अर्थात् तेलाची गरज अल्प आहे. भट्टी लावून ओवा आटविणें हें गांवच्या संघास साध्य होण्यासारखें काम आहे. त्या तेलाचें सूक्ष्मपायस करणें हें यंत्राचें व परीक्षेचें काम प्रयोगशाळेकडे सोपवावें. आणि माप राखणें, नोंद ठेवणें व न परवडेल तें नाकारणें हें काम गोठ्याच्या धन्याचें. या तिघांनीं आपआपला वांटा नीट उचलला, तर जी विद्या आज दुकानांतील बाटलीच्या रूपानें आपल्यापर्यंत येते, ती आपल्याच शिवारांतील ओव्यापासून सुरू होऊन आपल्याच खव्याची पत राखील. ज्या वाचकांनीं असा प्रयोग वही ठेवून केला असेल, त्यांनीं त्याचे आंकडे, फायद्याचे असोत कीं तोट्याचे, आमच्याकडे अवश्य पाठवावेत. तोट्याचा खरा आंकडाही दहा गोठ्यांचा पैसा वांचवितो.